टिटवीला पुन्हा पुन्हा उठावं लागतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाची खडी उघडी पडते. टिटवी तिथेच अंडी घालते. घरटं म्हणजे खड्यांतला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातीच्याच रंगाची. कुत्रं, मुंगूस, कावळा, घोरपड, सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. शिकारी कमी झाले की अंडी वाचतील, एवढाच हिशेब आपण मांडतो. मला तो अपुरा वाटतो.

कारण कुत्रं अंड्यांपर्यंत पोचलंच नाही, तरी नुकसान होतं. ते नुसतं काठानं हिंडू लागलं की टिटवी उठते, ओरडत त्याच्यावर झेपावते, कधी त्याला चकवून लांब नेते. तेवढा वेळ अंडी उन्हात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि खडी त्याहून तापते. अशा दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नाही, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तिला सारखं उठावं लागलं, तर आतला जीव तापून मरतो.

कॅनडात गाणाऱ्या चिमण्यांवर एक प्रयोग झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. जाळ्या आणि विजेचं कुंपण लावून घरटी राखली, पक्ष्यांना ऐकवले फक्त शिकाऱ्यांचे आवाज. तरी वर्षभरातली पिल्लं ४० टक्क्यांनी घटली! ॲरिझोनात याउलट घरटी लुटणारे प्राणी कमी केले, तर पक्ष्यांनी मोठी अंडी घातली, पिल्लांना जास्त वेळा भरवलं. भीती सरली की पक्ष्याचं वागणंच बदलतं.

न्यूझीलंडमध्ये पक्षी वाचवायला माणसानं बाहेरून आणलेले उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) मारले जातात. आपलं मुंगूस आणि घोरपड मात्र इथलेच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित. त्यांना हात लावायचं कारणच नाही. आवर घालायचा तो भटक्या कुत्र्यांना, आणि त्यांना पोसणाऱ्या आपल्या उष्ट्याला. पाणी उतरलं की धरणातली बेटं काठाला जोडली जातात, आणि तिथल्या सुरय या मासे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांपर्यंत कुत्री चालत पोचतात. म्हणून धरणाकाठी सहलीला गेलात तर उरलेलं मटण, भाकरी तिथे टाकू नका, परत घेऊन या. पाळलेलं कुत्रं सोबत असेल तर साखळी सोडू नका.

आणि टिटवी डोक्यावर ओरडू लागली, तर घरटं शोधत उभे राहू नका. आल्या वाटेनं लगेच मागे फिरा, म्हणजे ती पुन्हा अंड्यांवर बसेल.