छत आणि भिंत यांच्या सांध्यातली ओल

श्रोतेहो,

छत जिथे भिंतीवर टेकते, तिथून वीतभर खाली आणि वीत-दोन वीत वर, एवढ्याच पट्ट्याबद्दल मी आज बोलणार आहे. घरात ओल धरली की बहुतेक वेळा ती याच पट्ट्यात पहिल्यांदा दिसते. रंग फुगतो, पुट्टीचे पोपडे सुटतात, कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि आपण तो भाग खरवडून त्यावर नवा रंग देतो. वर्षभरात डाग पुन्हा उमटतो. मी पाहिलेल्या एका घरात असा एक कोपरा तीनदा रंगवून झाला होता. पाणी मात्र त्या कोपऱ्यापासून दोन मीटर अंतरावर, गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरच्या भेगेतून आत शिरत होते. तीनही वेळा त्या कठड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ते काम अर्ध्या दिवसाचे होते.

हा सांधाच का दुखावतो, हे आधी पाहू. छत आणि भिंत एकमेकांना जोडलेली असली तरी त्यांचे वागणे सारखे नसते. काँक्रीट एक अंश तापले की दर मीटरला साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान पहाटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांनी चढले, तर त्याची लांबी सुमारे 3 मिलिमीटर वाढू पाहते, आणि त्याच वेळी खालची विटांची भिंत बरीच थंड असते. हे ओढणे-ढकलणे रोज चालते आणि स्लॅबच्या खालच्या कडेला एक आडवी बारीक चीर पडते. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यातही हेच घडते. म्हणून ही चीर सिमेंटने बुजवून संपत नाही. जिथे रोज हालचाल आहे, तिथे कडक भराव टिकणार नाही, ही गोष्ट मनात पक्की ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

आता पाण्याची वाट. डाग दिसतो तिथेच पाणी शिरते असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कठड्याच्या माथ्यावरून शिरलेले पाणी विटांमधून खाली झिरपते, स्लॅबवर आले की आडवे पसरते आणि जिथे गिलावा सैल असेल तिथे बाहेर पडते. काही वेळा ते स्लॅबमध्ये गाडलेल्या विजेच्या नळीतून वाहत जाऊन थेट दिव्याच्या जागी ठिपकते. असे दिसले तर त्या भागाचा वीजपुरवठा आधी बंद करावा, बाकीचा शोध नंतर.

शोधाची सुरुवात मी पेन्सिलीने करतो. ओलीच्या कडेने रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. पाऊस पडल्यावर काही तासांत ओल रेघेबाहेर गेली, तर वाट थेट आहे. एक-दोन दिवसांनी गेली, तर वर कुठेतरी पाणी साचून हळूहळू पाझरते आहे. विशिष्ट दिशेने झड आल्यावरच ओल वाढत असेल, तर गच्चीपेक्षा बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्यावर संशय घ्यावा. पाऊस नसतानाही एकाच गतीने वाढत असेल, तर गच्चीवरची टाकी आणि तिचे नळ तपासावेत. आणि कोरड्या, थंड दिवसांत पहाटे ओल दिसून दुपारी ओसरत असेल, तर ते पाणी बाहेरचे नाहीच. खोलीतली दमट हवा थंड पृष्ठभागाला लागून त्याचे दव झालेले आहे. छताजवळचा कोपरा दोन-तीन बाजूंनी बाहेरच्या थंडीला उघडा असतो आणि तिथे हवाही फारशी हलत नाही, म्हणून दव तिथे आधी धरते.

शंका राहिली तर हातभर प्लॅस्टिकचा कागद डागावर चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ते दव, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतली. दवावर गच्चीचे वॉटरप्रूफिंग हा उपाय नव्हे. तिथे हवा खेळती ठेवणे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ बाहेर काढणे आणि छताला उष्णतारोधक थर देणे यांचा उपयोग होतो.

बाहेरची वाट शोधायला पाण्याचीच मदत घ्यावी लागते. नळीने पाणी सोडताना खालून वर जावे, प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि एक माणूस आत लक्ष ठेवून असावा. वरून सुरुवात केली तर सगळीच भिंत भिजते आणि काहीच कळत नाही. गच्चीवर पाणी तुंबवून पाहायचे असेल तर निचऱ्याची तोंडे बंद करून 25 मिलिमीटर पाणी किमान 24 तास ठेवतात. एवढ्या पाण्याचा भार चौरस मीटरला 25 किलो होतो, म्हणून जुन्या, सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर हा प्रयोग जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये.

दुरुस्तीत मी सर्वांत जास्त भर कोपऱ्यावर देतो. अनेक घरांत गच्चीला लेप दिलेला असतो, पण तो कठड्याच्या पायाशी येऊन थांबतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे त्याची सर्वाधिक गरज असते. काटकोनी कोपऱ्यावर लेप ताणला जाऊन फाटतो. म्हणून आधी तिथे गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, काढावा, मग लेप किंवा थर त्यावरून कठड्यावर किमान 150 मिलिमीटर चढवावा आणि त्याची वरची कड भिंतीत कापलेल्या खाचेत दाबून बंद करावी. कड नुसती चिकटवून सोडली तर भिंतीवरून ओघळणारे पाणी तिच्या मागे शिरते. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूने ढाळ हवा आणि बाहेर आलेल्या कडेखाली बारीक खाच हवी, म्हणजे थेंब तिथे सुटून पडतो, भिंतीला लागत नाही.

हलणारी चीर कापून थोडी रुंद करावी, तळाशी फोमची दोरी बसवावी आणि वर लवचीक सीलंट भरावा. दोरी यासाठी की सीलंट दोन्ही बाजूंनाच चिकटावा; तळालाही चिकटला तर तो मोकळेपणाने ताणू शकत नाही आणि लवकर फाटतो.

उतरत्या छताची कौले उंच भिंतीला भिडतात तिथेही तत्त्व तेच आहे. सिमेंटची पट्टी लाकडाच्या हालचालीने सुटते. तिच्याऐवजी धातूचा पत्रा भिंतीच्या खाचेत अडकवून खालच्या कौलांवर उतरवावा. पन्हळीतला पालापाचोळा मात्र या सगळ्याआधी काढावा.

वाट बंद झाल्यावर घाई करू नये. विटांची भिंत एका बाजूने महिन्याला साधारण 25 मिलिमीटर वाळते, असा जुना ढोबळ आडाखा आहे. दोन्ही बाजू उघड्या असल्या तरी नऊ इंची भिंतीला त्या हिशेबाने चार-पाच महिने लागतात. या काळात वर येणारे पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत, नाहीतर ते विरघळून परत आत जातात. सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी. पेन्सिलीची रेघ गिलाव्याबरोबर गेली असेल तर विटांवर नवी ओढावी, आणि एक सबंध पावसाळा ती ओलांडली गेली नाही तरच गिलाव्याचे आणि रंगाचे काम काढावे.