गोळी आपली, डायलिसिस सरकारचं

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या दवाखान्यात पेशंट दाखल करायला गेलं की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्स आहे का?" "नाही" म्हटलं की दुसरा शब्द येतो, "डिपॉझिट." मग फोनाफोनी सुरू होते. आधी मेहुणा, मग पतसंस्था, शेवटी सोनार. आज बोलायचंय ते असं "नाही" म्हणावं लागणाऱ्या माणसांबद्दल.

ही माणसं फक्त दारिद्र्यरेषेखालची असतात, असा आपला एक समज आहे. नीती आयोगाने 2021 मध्ये अंदाज मांडला होता की देशातल्या किमान 30 टक्के, म्हणजे सुमारे 40 कोटी लोकांच्या आजारपणाच्या खर्चाला कसलंच विमा संरक्षण नाही. यात रिक्षावाले आले, वडापावची गाडी लावणारे आले, ठेकेदाराकडे राबणारा फिटर आला आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापकही आले. सरकारी यादीत बसायला ही मंडळी पुरेशी गरीब नाहीत. खाजगी पॉलिसी घ्यायची म्हटलं, तर घरभाडं आणि मुलांची फी भागवून हप्त्यापुरतं काही उरत नाही. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, आहे खरी, पण ठेकेदाराने नावच नोंदवलं नसेल तर ती कसली?

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात तर सगळ्यांना 5 लाखांचं कवच आहे. बरोबर आहे. 2012 च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. आधी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डापुरती होती. जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली झाली. हे पाऊल मोठं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण योजना सगळ्यांना लागू असली तरी सगळ्या रुग्णालयांत नाही आणि सगळ्या आजारांना नाही. उपचारांची ठरलेली यादी आहे आणि बहुतेक वेळा त्यासाठी दाखल व्हावं लागतं.

खरी अडचण इथे आहे. बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी, ओपीडीतली फी हे सगळं दाखल न होता होतं, आणि ते खिशातून जातं. राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो की 2013-14 मध्ये देशात उपचारांवर होणाऱ्या शंभर रुपयांतले 64 रुपये लोकांच्या खिशातून जात होते. 2021-22 मध्ये ते 39 वर आले. सुधारणा आहे, नाही कशी म्हणू? पण 39 रुपयांचा भार सगळ्यांवर सारखा नसतो. महिनाअखेर पैसे संपले की पहिली बंद होते ती बीपीची गोळी, कारण ती नाही घेतली तर लगेच काही दुखत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की काहींची किडनी जाते. आणि मग डायलिसिस? ते योजनेत बसतं! गोळी आपल्या पैशाने घ्यायची, आणि ती परवडली नाही म्हणून किडनी गेली की डायलिसिस सरकारच्या पैशाने. हा हिशेब मला तरी पटत नाही.

म्हणून आरोग्यसुधारणा म्हणजे नुसती कार्डं वाटणं नव्हे, असं मी म्हणतो. आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण औषधं संपली की "बाहेरून आणा" ही चिठ्ठी हातात येतेच. तामिळनाडूने औषधखरेदीसाठी नव्वदच्या दशकातच स्वतंत्र महामंडळ काढलं, आणि 2021 पासून बीपी-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली. आपल्याला हे अवघड का जावं? पैशाचा प्रश्न आहेच. 2017 च्या राष्ट्रीय धोरणात सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, अडीच टक्के करायचं ठरलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता, तोही कोविडच्या काळात.

धोरण बदलायचं तेव्हा बदलेल. तोवर सोनाराकडे जाण्याआधी दोन गोष्टी करा. कागद-पेन घेतलंत तर बरं.

रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का, ते विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. ट्रस्ट म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यातलं हे कर्तव्य आहे, तेव्हा मागताना संकोच नको. आणीबाणीत आधी दाखल करून जीव वाचवणं त्यांना बंधनकारक आहे. निर्धन रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही.

दुसरं, महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. बिल झाल्यावर नाही, दाखल होतानाच तिथे जा, कारण उपचारांची मंजुरी आधी घ्यावी लागते. कक्षात कुणी नसेल तर 155388 या क्रमांकावर फोन करा. पुन्हा सांगतो, एक, पाच, पाच, तीन, आठ, आठ.

नमस्कार.