पंधरा वर्षं सोळाच!

नमस्कार श्रोतेहो.

समजा, एक शाळा आहे. त्या शाळेतल्या एकाच वर्गातल्या मुलांच्या वाट्याला काय काय आलंय ते ऐका. एका मुलीचं अपहरण. मोटारसायकलचा अपघात आणि कोमा, तोही त्याच मुलीला. एक छोटं विमान तळ्यात कोसळलं. एका पार्टीनंतर गाडीचा अपघात होऊन एक मुलगा गेला आणि त्यावरून कोर्टात खटला उभा राहिला. लंडनला गेले तर तिथे लांडगा-माणूस. घरी परत आले तर गावात रक्त पिणारा देखणा तरुण. शेवटी भूकंप. अशा शाळेत तुम्ही आपली मुलगी घालाल का?

माझ्या बाबांनी घातली. म्हणजे पुस्तकातून. आणि वर भाडंही भरलं.

ठाण्यात आमच्या घराजवळ एका इमारतीच्या जिन्याखाली लायब्ररी होती. लायब्ररी कसली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मी मराठी शाळेत आठवीत होते आणि माझं इंग्रजी हा घरातला चिंतेचा विषय होता. बाबांनी लायब्ररीवाल्या काकांना सांगितलं, ‘हिला काहीतरी सोपं इंग्रजी द्या.’ काकांनी एक पातळसं पुस्तक काढून दिलं. मुखपृष्ठावर गोल चौकटीत दोन गोऱ्या, हसऱ्या मुली. वर लिहिलेलं, ‘स्वीट व्हॅली हाय’. बाबांनी ‘हाय’ वाचलं आणि म्हणाले, ‘हायस्कूलचं आहे ना? मग बरंय.’

मग काय! वीरकरांची डिक्शनरी मांडीवर आणि पुस्तक डिक्शनरीवर. चिअरलीडर म्हणजे नेमकं काय, ते डिक्शनरीतून कळेना. प्रॉम म्हणजे आपलं गॅदरिंग असावं, असं मी धरून चालले. पण गॅदरिंगला एवढं रडतात कशाला, हे कोडं सुटत नव्हतं.

ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एलिझाबेथ आणि जेसिका वेकफिल्ड या जुळ्या बहिणी. वय सोळा. सोनेरी केस, निळे-हिरवे डोळे, डाव्या गालाला खळी, दोघींच्या गळ्यात सारख्या सोन्याच्या साखळ्या. एलिझाबेथ चार मिनिटांनी मोठी, आणि त्या चार मिनिटांचं ओझं ती जन्मभर वाहते. शहाणी, अभ्यासू, शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिणारी. जेसिका चिअरलीडर्सची, म्हणजे सामन्यात नाचून-ओरडून शाळेच्या संघाला जोर देणाऱ्या मुलींची, कप्तान, खोटारडी, आपमतलबी, आणि तिच्याशिवाय गोष्ट एक पाऊल पुढे सरकत नाही. पहिलं पुस्तक १९८३ साली आलं. त्याची सुरुवातच अशी, की जेसिका आरशासमोर उभी राहून ‘आज मी किती भयंकर दिसतेय’ म्हणून गळा काढते. आणि तिच्यासमोर उभी असलेली बहीण हुबेहूब तिच्यासारखीच दिसते! आता यावर त्या बिचारीने काय बोलावं?

त्याच पहिल्या पुस्तकात जेसिका एका वाया गेलेल्या मुलाबरोबर दारूच्या अड्ड्यावर जाते, तिथे राडा होतो, पोलीस तिला घरी सोडतात, आणि ही पोलिसांचा गैरसमज तसाच राहू देते, की आपण एलिझाबेथ आहोत. दुसऱ्या दिवशी शाळाभर बोभाटा एलिझाबेथचा. मी रात्री पांघरुणात बॅटरी लावून हे वाचत होते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

आता या सगळ्याचा कारखाना कुठे होता ते सांगते. या मालिकेच्या निर्मात्या फ्रान्सिन पास्कल. पुस्तकांवर लेखिकेचं नाव मात्र केट विल्यम असं छापलेलं असायचं, आणि केट विल्यम नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. पास्कलबाई न्यूयॉर्कमध्ये बसून पात्रांची कुंडली मांडायच्या, प्रत्येक पुस्तकाचा सविस्तर आराखडा करायच्या आणि तो पडद्यामागच्या लेखकांकडे जायचा. ते लोक त्यात मांस भरायचे. जवळजवळ दर महिन्याला एक नवं पुस्तक. आणि बाईंचं मूळ शिक्षण कुठलं, तर टीव्हीवरच्या दुपारच्या मालिकांचं. १९६०च्या दशकात त्यांनी आपल्या नवऱ्याबरोबर एका अमेरिकन मालिकेसाठी लेखन केलं होतं.

हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, म्हणूनच! दुपारच्या मालिकेत उद्या प्रेक्षक परत आला पाहिजे, एवढी एकच अट असते. म्हणून शुक्रवारी कोणीतरी जिन्यावरून पडतं. इथे शुक्रवारच्या जागी पुस्तकाचं शेवटचं पान. गोष्ट पूर्ण होते, दोन्ही बहिणी गळ्यात गळे घालतात, आणि मग शेवटच्या दोन परिच्छेदांत तिसऱ्याच कुणाच्या तरी घरी फोन वाजतो. काय झालं असेल? पुढचा भाग मिळवा. आणि पुढचा भाग दुसऱ्याच कोणी तरी नेलेला असायचा! आमच्या लायब्ररीत त्यासाठी वहीत नंबर लावावा लागे.

कोमाचं प्रकरण तर सविस्तर सांगण्यासारखंच आहे. एलिझाबेथला घरच्यांनी बजावलेलं असतं, मोटारसायकलवर बसायचं नाही. तिचा मित्र टॉड नेमकी मोटारसायकल घेतो. ती बसते. अपघात होतो. कोमा. पुढच्या पुस्तकात शुद्धीवर येते ती जेसिका होऊन! म्हणजे स्वभावाने. अभ्यास सोडते, मुलांबरोबर हिंडते, नखरे करते. आणि खरी जेसिका? तिच्यावर बहिणीचा गृहपाठ करायची वेळ येते. मग यावर इलाज काय? डॉक्टर? औषध? छे! झटापटीत डोक्याला पुन्हा मार बसतो आणि बाई जागच्या जागी पूर्ववत.

श्रोतेहो, हे वाचताना मला अमेरिका अजिबात परकी वाटेना. डोक्याला मार लागून गेलेली स्मृती डोक्याला मार लागून परत येते, हे वैद्यकशास्त्र मला चांगलं माहीत होतं. दूरदर्शनवरच्या हिंदी सिनेमात तेच तर शिकवायचे. जुळ्यांची अदलाबदलही तिथलीच. चिअरलीडर मला कळली नव्हती, पण जेसिका पहिल्या पानापासून कळली होती.

पुढे पुढे तर कारखान्याला ताप चढला. नव्वदीच्या दशकात मार्गो नावाची एक मुलगी येते. ती दिसायला योगायोगाने एलिझाबेथसारखीच. तिला एलिझाबेथला ठार मारून तिच्या जागी त्या घरात राहायला जायचंय. वाटेत ती आणखी माणसं मारते. शेवटी काचेच्या खिडकीतून पडते आणि आपण सुस्कारा सोडतो. थांबा. पुढे कळतं, की मार्गोलाही एक जुळी बहीण आहे. तिचं नाव नोरा. आणि मार्गो मेलेलीच नाही. म्हणजे एका गावात एकाच चेहऱ्याच्या चार मुली! इथे मात्र मीसुद्धा पुस्तक मिटून छताकडे पाहिलं होतं. मग परत उघडलं, हे सांगायला नकोच.

आणि या सगळ्यात वय? सोळा. कितीतरी उन्हाळे गेले, नाताळ आले नि गेले, लंडनवारी झाली, खटला झाला, मुली अकरावीतच. १९८३ साली सोळा वर्षांच्या असलेल्या या बहिणींना सतरावं लागायला १९९८ साल उजाडलं. सतराव्या वाढदिवसाला गावात भूकंप होतो आणि ऑलिव्हिया नावाची त्यांची मैत्रीण स्वयंपाकघरातल्या फ्रीजखाली सापडून मरते. लांडगे, व्हॅम्पायर, चार-चार चेहरे यांच्यातून वाचलेल्या गावाने एक बळी द्यावा तो फ्रीजला! मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागले होते. सोळाव्या वर्षाला आम्ही बरोबरीने होतो, मग मी पुढे निघून गेले आणि त्या तिथेच राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी, २०२४ साली, पास्कलबाई गेल्याची बातमी वाचली. ब्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यानंतर एकदा फोर्टात गेले असताना फाउंटनजवळच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, ती गोल चौकट दिसली. सहा पुस्तकं होती. सगळी उचलली. परतीच्या लोकलमध्येच पहिलं संपवलं. पुन्हा तेवढंच हसू येईल अशी माझी खात्री होती.

तेवढं आलं नाही. म्हणजे कोमा, मार्गो, लांडगा यांना मी खूप हसले. अजूनही हसते. ते निरुपद्रवी आहे. लांडगा कुणाच्या मनाला लागत नाही. अडखळले ती वेगळ्याच ठिकाणी, जिथे लहानपणी मला काही भडक वाटलंच नव्हतं.

मालिकेतलं चौथं पुस्तक घ्या. रॉबिन नावाची जाड मुलगी आहे. तिला शाळेतल्या मुलींच्या खास क्लबमध्ये जायचंय. जेसिका तिला राबवून घेते, तिचा अपमान करवते. नाचाच्या कार्यक्रमात तिच्याबरोबर यायला भाग पाडलेला ब्रूस, म्हणजे गावच्या श्रीमंताचा मुलगा, सगळ्यांसमोर तिला काहीबाही बोलून दारातच टाकून जातो. मग रॉबिन काय करते? जेवण तोडते, रोज पळते, बारीक होते. बारीक झाल्याबरोबर ती सुंदर, तीच चिअरलीडर, शाळेच्या सौंदर्यस्पर्धेत तीच पहिली. तेराव्या वर्षी मला हा अतिशय सुखद शेवट वाटला होता. जाड असणं हे पहिलं संकट आणि बारीक होणं ही सुटका, यात खटकण्यासारखं काही आहे हे ध्यानातही आलं नाही. गंमत म्हणजे पुढे सत्तर-पंचाहत्तर भागांनंतर हीच रॉबिन खाणंच बंद करते आणि मरता मरता वाचते. आता मालिकेला एकदम काळजी वाटते. पण चौथ्या भागात टाळ्या वाजवल्या होत्या कोणी?

किंवा अ‍ॅनी घ्या. ही मुलगी ‘तसली’ आहे, असं शाळाभर झालेलं. म्हणून जेसिका तिला चिअरलीडर्सच्या संघात घेत नाही. अ‍ॅनी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घ्यायला जाते. इस्पितळात बेशुद्ध पडलेली. ती शुद्धीवर कशी येते? तिच्या कानात सांगतात, की तुला संघात घेतलंय. डोळे उघडतात! पन्नाशीकडे झुकलेली मी लोकलच्या डब्यात ते वाचून शेजारच्या बाईकडे पाहतच राहिले. त्या बाईने बिचारीने थोडी जागा करून दिली.

रेजिना मॉरोची गोष्ट मात्र मला लहानपणीही विसरता आली नव्हती. रेजिना श्रीमंत, सुंदर आणि बहिरी. मालिकेतल्या मोजक्या खरोखर चांगल्या मुलींपैकी एक. स्वित्झर्लंडला उपचार होतात, ऐकू येऊ लागतं. मग प्रेमभंग, वाईट संगत, एक पार्टी. तिथे ती आयुष्यात एकदाच, फक्त एकदा, कोकेन घेते. हृदयात आधीपासून दोष असतो. मरते. हे १९८७ सालचं पुस्तक. आदल्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत लेन बायस हा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला होता. बोस्टनच्या मोठ्या संघाने निवड केल्याला दोन दिवस झाले होते. सगळा देश हादरला होता, शाळाशाळांतून ‘नाही म्हणा’ची मोहीम चालू होती. त्यामुळे रेजिनाचं मरण तिथल्या पोरींना लांडग्यासारखं दंतकथेतलं वाटलं नसणार. मला ठाण्यात वाटलं नाही. मी तर कोकेन म्हणजे काय हे डिक्शनरीत पाहिलं होतं, आणि त्यानंतर कित्येक दिवस डोकेदुखीची गोळी घेतानाही छातीवर हात ठेवून बघत होते.

तिला पुन्हा जिवंत केलं नाही, एवढं मात्र खरं. मार्गोला केलं.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. त्या पुस्तकांत वेकफिल्ड बहिणींचं वर्णन दर वेळी पहिल्या काही पानांत यायचंच. प्रत्येक पुस्तकात, आरतीसारखं. केस, डोळे, खळी, आणि ‘परफेक्ट साईज सिक्स’ बांधा. साईज सिक्स हे अमेरिकेतलं कपड्यांचं माप, पण तेव्हा ते वीरकरांनाही ठाऊक नव्हतं. दिवाळीसाठी फ्रॉकचं माप द्यायला आईबरोबर गेले होते. आई बाहेर कुणाशी तरी बोलत होती तेवढ्यात मी धीर करून शिंपीकाकांना विचारलं, ‘काका, मी साईज सिक्स आहे का हो?’

काकांनी टेप गळ्यात तसाच ठेवला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘सहा? बाळ, सहा इंच तर बाहीचं तोंड असतं.’

घरी येऊन मी पट्टीने मनगट मोजलं. पाच भरलं. फार आनंद झाला होता.

२००८ साली ती पुस्तकं अमेरिकेत नव्याने छापली. काळाप्रमाणे बदल केले. मुलींची लाल फियाट जाऊन जीप आली, शाळेचं वर्तमानपत्र इंटरनेटवर गेलं. आणि साईज सिक्स? ते बदलून आणखी बारीक, साईज फोर केलं. शिंपीकाका तोवर गेले होते, नाहीतर जाऊन सांगितलं असतं, ‘काका, आता चार झालंय हो.’

नमस्कार.