ओढायचं किती, पेलायचं किती : क्रॉसओव्हरला टो-हिच बसवताना

[दृश्य : लिफ्टवर उचललेली क्रॉसओव्हर. कॅमेरा मागच्या बंपरखालून आत सरकतो.]

ट्रकला खाली जाड लोखंडी चॅसी असते आणि बॉडी तिच्यावर वेगळी बसवलेली असते. क्रॉसओव्हरचं, म्हणजे कारच्या बांध्यावर बनलेल्या उंच गाडीचं, तसं नाही. पत्रा दुमडून, जागोजागी वेल्ड मारून जी बॉडी तयार होते, तोच गाडीचा सांगाडा. डिकीच्या तळाखाली डाव्या-उजव्या बाजूला चौकोनी नळीसारख्या दोन रेल दिसताहेत ना, टो-हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड, याच रेलना जोडायचा. चढावर ट्रेलर मागे खेचणार, ब्रेक मारला की पुढे ढकलणार, खड्ड्यात आदळला की खाली दाबणार. ते सगळे हिसके या दोन रेल सोसतात.

म्हणून सुरुवात दुकानातल्या टो-हिचपासून करू नका, गाडीच्या मॅन्युअलपासून करा. तिथे दोन आकडे शोधायचे आहेत. पहिला, ही गाडी जास्तीत जास्त किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते. स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी हा आकडा वेगळा असतो, ब्रेक नसलेल्यासाठी बहुधा बराच कमी. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स किंवा कूलिंगची व्यवस्था बदलली की तोही बदलू शकतो. शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे, म्हणून त्याचा आकडा आपल्याला लागू होईल असं धरून चालू नका. काही गाड्यांना, विशेषतः काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक मॉडेलना, कंपनी ट्रेलर ओढायची मुभाच देत नाही. तिथे टो-हिच लावायचा तो फक्त सायकल रॅकसाठी, आणि तोही मॅन्युअल परवानगी देत असेल तरच.

दुसरा आकडा फारसं कुणी वाचत नाही, आणि क्रॉसओव्हरमध्ये बऱ्याचदा तोच आधी संपतो. ट्रेलरचं तोंड गाडीच्या बॉलवर, म्हणजे टो-हिचला लावलेल्या ज्या लोखंडी गोळ्यावर ते बसतं त्यावर, किती वजन खाली टाकतं, त्याची ही मर्यादा.

[दृश्य : ट्रेलरचं तोंड लाकडी ठोकळ्यावरून घरातल्या वजनकाट्यावर टेकवलेलं. काटा हलतो, स्थिरावतो.]

उत्तर अमेरिकेत रूढ हिशेब असा : सामान भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन तोंडावर हवं. ट्रेलर 900 किलोचा असेल तर 90 ते 135 किलो. युरोपात ट्रेलरची घडण आणि त्यांच्या वेगमर्यादा वेगळ्या, त्यामुळे तिथे साधारण 5 ते 7 टक्के धरतात, आणि तिथल्या बऱ्याच क्रॉसओव्हरना बॉलवर 75 ते 100 किलोंचीच परवानगी असते. आपला ट्रेलर ज्या पद्धतीचा, त्याच पद्धतीचा हिशेब लावा. दोन्हींची सरमिसळ नको.

तोंड हलकं ठेवलं की गाडी सुखात राहील, असं वाटणं साहजिक आहे. पण सामान एक्सलच्या मागे गेलं आणि तोंड हलकं झालं, की ट्रेलर वेगात डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो. एका वेगाच्या पुढे प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा मोठा होत जातो आणि स्टिअरिंग फिरवून तो आवरत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. आणि थांबल्यावर सामान पुढे सरकवायचं. तसंच पुढे निघालात तर ट्रेलर पुन्हा झुलणारच.

तोंड जड झालं तर दुसरं संकट. समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2.7 मीटर आहे आणि बॉल मागच्या एक्सलच्या 1 मीटर मागे. बॉलवर 100 किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर 100 नव्हे, 137 किलो वाढतात. वरचे 37 किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. क्रॉसओव्हरमध्ये बऱ्याचदा पुढचीच चाकं गाडी ओढतात, वळवतातही तीच, आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांच्याकडेच असतो. ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरू लागली, तर कारण इथे आहे. हेडलाइट वर उचलले जातात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जातो, ते वेगळंच.

आता माणसांचा हिशेब. समजा, माणसं, सामान, टो-हिच आणि बॉलवरचं वजन मिळून गाडीला 450 किलोंची परवानगी आहे. प्रत्येकी 70 किलोंची पाच माणसं बसली की 350 गेले. डिकीत 60 किलो सामान. टो-हिच स्वतः 15 ते 25 किलोंचा असतो, तो 20 धरा. बॉलवर टाकायला उरले 20 किलो! कागदावर दीड टन ओढणारी गाडी पाच माणसांना घेऊन साधा 900 किलोचा ट्रेलरही नियमात राहून ओढू शकत नाही. ही बेरीज घरून निघण्याआधी करा, असं अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण गाडी तक्रार करत नाही. ती ओढत राहते, आणि झीज टायर, स्प्रिंग, गिअरबॉक्समध्ये साठत जाते.

[दृश्य : टेबलावर दोन टो-हिच शेजारी शेजारी. एकाचं चौकोनी तोंड लहान, एकाचं मोठं.]

अमेरिकी वर्गवारीत क्लास 1 म्हणजे 2,000 पौंडांपर्यंत, साधारण 900 किलो. क्लास 2 म्हणजे 3,500 पौंड, साधारण 1,600 किलो. या दोन्हींचं चौकोनी तोंड, ज्यात बॉलची दांडी किंवा रॅक सरकवतात, बहुधा सव्वा इंची. क्लास 3 चं तोंड दोन इंची. क्लास 3 चा टो-हिच लावला म्हणून 700 किलोंची परवानगी असलेली गाडी सव्वादोन टन ओढू लागत नाही. गाडी, टो-हिच, बॉल, बॉलची दांडी आणि ट्रेलरचं तोंड, या प्रत्येकावर आपापला आकडा असतो. त्यातला सगळ्यात लहान तोच खरा.

तरीही आपल्या गाडीसाठी दोन्ही मापं मिळत असतील तर दोन इंचीच घ्यावा, असं माझं मत आहे. सायकल रॅकचे जास्त पर्याय त्या मापात मिळतात. सव्वा इंचीला अडॅप्टर लावून दोन इंची करता येतो, पण मग भार आणखी मागे जातो आणि क्षमता घटते. रॅक घेतानाही चार इलेक्ट्रिक सायकली सहज 100 किलो भरतात हे विसरू नका.

बॉलचं माप ट्रेलरच्या तोंडावर छापलेलं असतं. अमेरिकेत एक आणि सात अष्टमांश इंच, दोन इंच, दोन आणि पाच षोडशांश इंच. युरोपात 50 मिलिमीटर. दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी, पण दोन इंचाच्या तोंडात 50 मिलिमीटरचा बॉल ढिला राहतो, आणि ढिलं तोंड खड्ड्यात उसळून बाहेर येऊ शकतं.

[दृश्य : सायलेन्सरच्या रबरी हँगरवर साबणाच्या पाण्याचा फवारा.]

बसवायचं काम अवघड कमी आणि चिकाटीचं जास्त. सायलेन्सर गार झालेला हवा. त्याच्या मागच्या रबरी हँगरवर साबणाचं पाणी मारलं की हँगर दांडीवरून सरकतो. सायलेन्सर खाली सोडण्याआधी त्याला पट्ट्याचा आधार द्या. सगळं वजन पुढच्या लवचीक जोडावर लटकू देऊ नका. काही गाड्यांत बंपर उतरवावा लागतो, काहींत खालचं प्लास्टिक किंवा सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा थोडा कापावा लागतो.

बऱ्याच गाड्यांच्या रेलमध्ये नट कारखान्यातच वेल्ड करून दिलेले असतात. त्यांच्या आट्यांत गंज आणि चिखल साचलेला असतो. तारेचा बारीक ब्रश फिरवा, गंज सोडवणारं तेल मारा, वाटल्यास टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा, आणि मग ते तेल पुसून काढा. तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. प्रत्येक बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे आत गेला पाहिजे. इम्पॅक्ट गन लावून आटे मारून घेतले, तर तो नट रेलच्या आत आहे. बाहेरून बदलता येत नाही.

जिथे तयार नट नसतात, तिथलं काम पाहण्यासारखं असतं.

[दृश्य : अगदी जवळून. रेलच्या भोकातून स्प्रिंगसारखं टोक असलेली तार वर सरकते.]

बोल्टच्या भोकातून ही तार आत घालायची आणि रेलच्या दुसऱ्या, मोठ्या भोकातून बाहेर काढायची. तिच्यात आधी चौकोनी भोकाची जाड पट्टी ओवायची. मग तारेच्या स्प्रिंगमध्ये बोल्टचे आटे फिरवून अडकवायचे. पट्टी आत ढकलायची, मागोमाग बोल्ट, आणि तार हळूहळू खाली ओढायची. आत काहीच दिसत नाही. टक् असा आवाज आला की बोल्टची चौकोनी मान पट्टीत बसली. आता तार सोडवताना बोल्ट आत परत ढकलला गेला, तर सगळं पहिल्यापासून.

सगळे बोल्ट हलके लागले की टो-हिच मध्यावर आणायचा, आणि मगच टॉर्क रेंचने, टो-हिचसोबत आलेल्या कागदावरच्या आकड्याला आवळायचं. अंदाजाने आवळू नका. भोक मोठं करावं लागलं असेल तर उघड्या पडलेल्या पत्र्याला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

[दृश्य : डिकीच्या बाजूचं प्लास्टिक उघडलेलं. टेल लाइटमागचा वायरचा जुडगा.]

वायरिंगमध्ये खरी अडचण अशी. बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये ब्रेकचा दिवा लाल, इंडिकेटर पिवळा, दोन्ही वेगळे. साध्या अमेरिकी ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यातून चालतात. म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो, जो दोन इशारे एका वायरवर आणतो. युरोपी ट्रेलरच्या सात किंवा तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये हे दिवे मुळातच वेगळे असतात.

कन्व्हर्टर घेताना थेट बॅटरीवरून वीज घेणारा घ्या. ट्रेलरवरचा 21 वॉटचा साधा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो. गाडीचे मागचे दिवे एलईडी असतील तर त्यांचं सर्किट एवढ्या भारासाठी बनलेलंच नसतं, आणि ते सांभाळणारा कॉम्प्युटर महाग असतो. बॅटरीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतो, भार स्वतः उचलतो. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि कन्व्हर्टरचा फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा. वायर सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या सस्पेन्शनपासून लांब न्या. पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवंच.

मॉडेलसाठी खास बनवलेलं, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं वायरिंग मिळत असेल तर जास्तीचे पैसे तिथे घाला. ज्या गाड्यांत ही सोय आहे, त्यांत ट्रेलर जोडला की मागचे पार्किंग सेन्सर गप्प बसतात आणि स्टॅबिलिटी कंट्रोल ट्रेलरचे झोके ओळखून आवरायला मदत करतो. काही गाड्यांत यासाठी कोडिंग करून घ्यावं लागतं.

चार पिनांच्या अमेरिकी कनेक्टरमध्ये तपकिरी वायर टेल लाइटची, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकची, हिरवी उजव्याची आणि पांढरी अर्थिंगची. त्रास देते ती बहुतेक वेळा पांढरी. डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवाही मिणमिणतो, ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतात, असं काही विचित्र दिसलं तर आधी अर्थिंग पाहा.

[दृश्य : जवळून. सॅंडपेपरखाली रंग निघतो, चकचकीत पत्रा उघडा पडतो.]

रंगावर स्क्रू मारून अर्थिंग होत नाही. रंग आणि प्रायमर घासून खालचा चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. त्यावर गोल टर्मिनल घट्ट बसवा, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. बॉलमधून अर्थिंग मिळेल यावर विसंबू नका. तिथे ग्रीस असतं आणि धातू सतत हलत असतो.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर चार पिना पुरत नाहीत. अमेरिकेत सात पिनांचं सॉकेट आणि गाडीत ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. युरोपात 750 किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत.

[दृश्य : ट्रेलर जोडलेला. एक जण मागे उभा, एक जण गाडीत.]

आधी टेस्ट लॅम्पने कनेक्टरची एकेक पिन तपासा, मग ट्रेलर जोडून दिवे पाहा. तोंडाची कडी लावल्यावर ट्रेलरच्या जॅकने तोंड वर उचला. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर बॉल पक्का पकडलाय. साखळ्या तोंडाखाली एकमेकींना छेद देऊन लावा. तोंड सुटलंच तर ते त्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. साखळी वळणावर ताणली जाऊ नये, जमिनीलाही घासू नये. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक मारून पाहा. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टो-हिचचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि ट्रेलर नसताना सॉकेटचं झाकण बंद ठेवा.