खार, शिसं आणि अरुंद नळी

[दृश्य: दाट झाडीचा उतार. पहाटेचं धुकं वर सरकतंय.]

सप्टेंबरची सकाळ. अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा पूर्व भाग, ॲपलाचियन डोंगररांगा. झाडांवर पानं अजून दाट आहेत, त्यामुळे मान वर करून खार शोधण्यात अर्थ नाही. आधी कान द्यायचे. हिकरीच्या झाडाखाली बारीक टपटप ऐकू येते. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं झाड. त्याची फळं राखाडी खार वर बसून कुरतडत असते आणि टरफलांचा चुरा खाली सांडत असतो. चुरा ताजा, ओलसर असेल तर खार अजून वरच आहे.

ही खार आपल्याकडच्या खारीपेक्षा बरीच मोठी, साधारण अर्धा किलोची. पाठीवर पट्टे नाहीत, त्यामुळे रामाची बोटं वगैरे गोष्ट इथे लागू पडत नाही. माणसाची चाहूल लागली की ती फांदीला चपटी चिकटते, नाहीतर खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते. तुम्ही झाडाला फेरी मारा, तीही मारते. एकट्या शिकाऱ्याचा जुना उपाय म्हणजे पलीकडे एक काटकी भिरकावायची. खार दचकून अलीकडे येते.

[दृश्य: हातांचा क्लोजअप. शिंग, माप, चिंधी, गोळी.]

शिकाऱ्याच्या हातात आहे ठासणीची रायफल. काडतूस नाही, दुर्बीण नाही. निशाण धरायचं ते मागची खाच आणि पुढची माशी जुळवून.

ती भरतात कशी, ते सावकाश पाहू. पोकळ शिंगात साठवलेली बंदुकीची दारू थेट नळीत ओतत नाहीत. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर हातातलं शिंगच भडकेल. म्हणून दारू आधी मापात आणि मग मापातून नळीत. खारीसाठी वीस ग्रेन पुरतात, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. मग नळीच्या तोंडावर चरबी लावलेली सुती चिंधी ठेवायची, तिच्यावर शिशाची गोल गोळी, आणि गजाने दोन्ही एकत्र तळापर्यंत दाबायची. गजही हिकरीच्याच लाकडाचा असतो. नळीच्या आत पीळदार खाचा आहेत. गोळी त्यांना थेट भिडत नाही. चिंधीच खाचा पकडते आणि गोळीला फिरकी देते. नळीबाहेर पडली की चिंधी गळून जाते, गोळी एकटी पुढे जाते.

शेवटी नळीच्या बुडाशी, बाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची दारू. घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटते आणि बारीक छिद्रातून आग आत शिरते. डोळ्यांपुढे आधी भपका होतो, मग बार. या दोन्हींच्या मधल्या क्षणात नळी हलली तर नेम चुकला. कधी नुसती रंजक उडते आणि बार होत नाही. तेव्हा घाई जिवावर बेतू शकते. नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, कारण बार उशिरानेही होऊ शकतो.

[दृश्य: संग्रहालयातली लांब रायफल. मेपलचा दस्ता, पितळेची झाकणाची डबी.]

लोक या बंदुकीला केंटकी रायफल म्हणतात, पण ती घडली पेनसिल्व्हेनियात. लँकेस्टर परिसरात स्थायिक झालेले जर्मन कारागीर मायदेशाहून आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफली घेऊन आले होते. अठराव्या शतकात त्यांनी नळी लांबवली, पार 42 इंच आणि त्याहून जास्त. जेकब डिकर्ट हे त्यांच्यातलं नावाजलेलं नाव. नळी लांब झाली तशी अरुंदही झाली, आणि त्यामागे होती काटकसर. डोंगरापलीकडे राहणाऱ्याला शिसं आणि दारू घोड्याच्या पाठीवर वाहून न्यावी लागे. एक पौंड शिशात ब्रिटिश फौजी मस्केटच्या, म्हणजे आतून गुळगुळीत, रुंद नळीच्या बंदुकीच्या, जेमतेम चौदा गोळ्या होत. पुढे खारीसाठी 0.32 इंच व्यासाच्या नळीच्या रायफली बनल्या. तेवढ्याच शिशात त्यांच्या दीडशे गोळ्या निघतात.

पण मला वाटतं, नळीचा व्यास आणखी एक गोष्ट सांगतो: जंगलात काय उरलं होतं. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांना अस्वल, एल्क नावाचं मोठं हरीण आणि बायसन हे रानटी बैल मारायचे होते. त्यांच्या रायफली 0.45, 0.50 इंचाच्या असत. 1800 च्या सुमारास केंटकीतले बायसन संपले. पुढच्या अर्धशतकात एल्कही गेले. मोठं जनावर संपत गेलं, तशी नव्या बंदुकांची नळी बारीक होत गेली. उरली खार.

आणि ती भरपूर उरली. मक्याच्या शेतात टोळ्यांनी शिरायची. शेजारच्या ओहायो राज्याने 1807 मध्ये कायदाच केला: करदात्याने कराबरोबर खारींच्या टाळूची कातडीही जमा करायची, किमान दहा, जास्तीत जास्त शंभर. ही बंदूक तेव्हा नांगर-कुऱ्हाडीसारखंच शेतकऱ्याचं अवजार होती, हे यावरून कळावं.

[दृश्य: जुनं रेखाचित्र. नदीकाठ, खोडाला टेकून नेम धरणारा माणूस.]

अवजाराभोवती दंतकथा मात्र जमतातच. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन यांनी लिहून ठेवलंय की केंटकी नदीच्या काठी त्यांनी डॅनियल बून या नामांकित शिकाऱ्याला खारी मारताना पाहिलं. बून खारीला गोळी लावतच नव्हता. तिच्या पोटाखालच्या सालीवर मारायचा, आणि साल फुटण्याच्या धक्क्यानेच खार गतप्राण होऊन खाली यायची. मांस शाबूत. आता तारखा बघा. बून 1799 मध्येच मिझुरीला निघून गेला होता आणि ऑडुबॉन केंटकीत आले त्यानंतर काही वर्षांनी. इतिहासकारांना ही भेट पटत नाही, त्यात नवल नाही.

1862 ची गोष्ट मात्र कागदोपत्री आहे. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दक्षिणेची फौज ओहायोतल्या सिनसिनाटी शहरावर चालून येत होती. ओहायोचे गव्हर्नर डेव्हिड टॉड यांनी हाक दिली: ज्याच्याकडे बंदूक आहे त्याने यावं. 15,766 माणसं आली. अंगावर घरचे कपडे, खांद्यावर खारी मारायच्या जुन्या रायफली. नावही तेच पडलं, स्क्विरल हंटर्स. त्यांच्यातल्या बहुतेकांना शत्रूवर गोळी झाडावीच लागली नाही, कारण दक्षिणेची फौज मागे फिरली. 1908 मध्ये राज्याने त्यांना प्रत्येकी 13 डॉलर मंजूर केले. 46 वर्षांनंतर! सरकारी कारभार कुठलाही असो, आपल्याला ओळखीचा वाटतो.

[दृश्य: पुन्हा जंगल. धुराचा पांढरा लोट.]

आज केंटकीत या शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला आहे आणि दिवसाला सहा खारींची मर्यादा आहे. आपल्याकडे शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. तेव्हा हे पाहून कुणाचे हात शिवशिवायला नकोत.

ठासणीच्या बंदुकीचा बार एकच. चुकला तर पुन्हा भरेपर्यंत खार तीन झाडं ओलांडते. म्हणून नेम डोक्यावरच धरायचा, आणि पंचवीस-तीस पावलांच्या आत.

[दृश्य: परसातलं लाकडी टेबल, गरम पाण्याची बादली.]

घरी परतल्यावर बंदूक त्याच दिवशी धुवायची. दारूत गंधक आणि सोरा असतो. जळाल्यावर उरलेली काजळी हवेतली ओल शोषते आणि रातोरात गंज चढवते. गजाला चिंधी बांधून गरम पाणी नळीत खालीवर खेळवलं की काळं पाणी निघतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. घरात हे काम कुणी करू देत नाही, म्हणून परसात. मग नळी कोरडी करून तेलाचा हात.

1997 मध्ये पूर्व केंटकीत एल्क पुन्हा आणून सोडले. कळप वाढले, सोडतीने शिकारीचे परवानेही मिळू लागले. ज्याचं नाव सोडतीत निघतं त्याच्या कामाला ही खारीची रायफल येत नाही. त्याला पुन्हा जाड नळीची बंदूक शोधावी लागते.