मीठ घालायच्या आधीचं मीठ

(कोकणातल्या एका महिला मंडळात आहारतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी येताना कोकमाच्या आगळाची बाटली, पापडखाराची पुडी आणि चिंचेचा गोळा घेऊन आले आहे. मिठाची बरणी मुद्दामच आणलेली नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी काय खावं, किती खावं हे सांगणं हे माझं काम. मागे एक काकू आपल्या यजमानांना घेऊन आल्या. त्यांच्या पायांवर सूज होती, गोळ्या वाढवूनही रक्तदाब उतरत नव्हता. मीठ कमी करा, असं त्यांना आधीच सांगितलेलं होतं आणि काकूंनी ते अगदी मनापासून पाळलं होतं. भात अळणी, भाकरी अळणी, पानात मीठ वाढणं बंद. तरी चोवीस तासांची लघवी तपासली तेव्हा सोडियम बरंच जास्त निघालं. आपण खातो त्यातलं बहुतेक सोडियम लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे खाण्यात किती गेलं हे या तपासणीतून कळतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "अहो, मी मीठ घालतच नाही हो."

त्या खरंच बोलत होत्या. मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो आणि घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय शिजतं ते लिहून काढलं. घावनात चिमूटभर सोडा. आमटीत आमसुलं. दुपारी सोलकढी, तीही आगळाची. उडदाचा पापड. आणि जेवण अळणी लागतं म्हणून यजमानांच्या पानात लोणच्याची एक फोड जास्तीची, खारासकट! बरणीतलं मीठ थांबलं होतं, पण इतक्या वाटांनी ते ताटात येतच होतं.

आगळ कसं करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस आणि मीठ. तो रस वर्षभर टिकतो तो त्या मिठामुळेच. आमसुलांचंही तसंच, सालं खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेली. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करतो ते कीड लागू नये म्हणून. आज घरी गेल्यावर आगळाचा थेंब बोटावर घेऊन नुसता चाटून बघा. एरवी नारळाच्या दुधात आणि आंबटपणात तो खारटपणा लपून जातो. सोलकढी ढवळल्यावर वर सवयीने मीठ घालतो, ते त्या आधीच्या मिठावर पडतं.

आता थोडं गणित. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सपाट भरायच्या आत. मिठात साधारण ४० टक्के सोडियम असतं, म्हणून ही मर्यादा सोडियमच्या भाषेत २००० मिलिग्रॅम होते. यात दिवसभरातलं सगळं आलं, बरणीतलं आणि बरणीबाहेरचंही. लोणच्यात साधारण दहावा हिस्सा मीठ आहे असं धरलं, तर खारासकट १५ ग्रॅमच्या फोडीतून दीड ग्रॅम मीठ गेलं. दिवसाच्या वाट्यातला जवळजवळ तिसरा भाग एका फोडीत!

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सोड्याची, कारण तो खारट लागत नाही. मिठाची खरी खारट चव सोडियम आणि क्लोराइड एकत्र असले की येते. खायच्या सोड्यात क्लोराइड नाही, पण सुमारे २७ टक्के सोडियम आहे. चहाचा चमचाभर सोडा म्हणजे साधारण १२५० मिलिग्रॅम. एवढा कुणी एका वेळी खात नाही हे मान्य. पण छोले मऊ व्हावेत म्हणून चिमूट, भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूट, असं ते साठत जातं. पापडखार हाही सोडियमचाच क्षार, आणि पापडाच्या पिठात त्याच्या जोडीला मीठ असतंच. ढोकळ्यात घालतो त्या फ्रूट सॉल्टच्या ५ ग्रॅमच्या पुडीतून साडेआठशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम येतं. ढोकळा चारजणांत वाटला तर चालून जाईल. पण रोज रात्री पित्त झालं म्हणून तीच पुडी पाण्यात फसफसवून एकटा माणूस पितो आणि ते खाण्यात धरतच नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर आजच विचारा.

चायनीज पदार्थांतल्या अजिनोमोटोला आपण फार बोल लावतो. त्यात सोडियम आहे, पण १२ टक्के, मिठाच्या तिसऱ्या भागाइतकंच. त्याच्या शेजारचा सोया सॉस जास्त जड आहे. त्याचा मोठा चमचा ९०० मिलिग्रॅमच्या घरात जातो. बिस्किटं, पाव, चीज, चाट मसाला यांच्या पाकिटांवर सहसा सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं.

सैंधवाबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. उपवासाला खुशाल खा, पण रक्तदाबासाठी त्याचा उपयोग नाही. सैंधव काय, पादेलोण काय, त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. शिवाय सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, हे लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या घरांनी लक्षात ठेवावं.

कमी सोडियमच्या मिठाचं मात्र वेगळं आहे. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसलं. हे मोठं यश आहे. तरीही ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या काकूंच्या यजमानांना मी ते बिलकूल दिलं नसतं. तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पुडा फोडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

काकूंना मी मीठ आणखी कमी करायला सांगितलं नाही. क्रम बदलायला सांगितला. आमसुलं आधी पाण्यातून काढायची, आमटीत घालायची, उकळी येऊ द्यायची, आणि मग चाखून ठरवायचं की मीठ हवं की नको. लोणच्याऐवजी लिंबाची फोड आणि ओली चटणी. सोडा बंद, घावनाला नुसता तांदूळ पुरतो. पहिले काही दिवस यजमान कुरकुरले. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे त्यांनी दिले आणि नंतर त्यांना बाहेरचंच जेवण खारट लागायला लागलं.

आता रातांबे येतील. यंदा दोन बाटल्या रस मिठाशिवाय काढा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. सोलकढीला दोन खडे पुरतात. कशी झाली ते मला पुढच्या भेटीत सांगा.