मोबाईलवर ३८, मग बाकावर जीव का जातो?

नमस्कार मंडळी! एप्रिल लागला की कमेंटमध्ये एकच धोशा: "दादा, मोबाईल ३८ दाखवतो, मग नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरच्या बाकावर पन्नास का वाटतं?"

अंगाला काय वाटतं ते हवेचं तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन ठरवतात. पहिले तीन तुम्हाला माहीत आहेत, पुढे चला. घोळ चौथ्यात आहे.

हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत असतो. तुम्ही पेटीत बसता का? डोक्यावर ऊन, खाली पेव्हर ब्लॉक, पाठीमागे तापलेली भिंत. हे सगळे अंगावर उष्णता फेकतात, आणि तो आकडा मोबाईलवर येत नाही.

पुन्हा सांगतो. दोन पावलं सरकून कडुनिंबाखाली या. हवा जवळपास तेवढीच गरम, तरी हायसं वाटतं. अंगावरचं ऊन तुटलं ना!

अजून पटत नाही? जानेवारीत सकाळी पारा दहावर असतो, तरी कोवळ्या उन्हात बसलात की स्वेटर काढता. हवा गार, ऊन तेवढं अंगाला लागतंय. आमचे बाबा म्हणून हिवाळ्यात पूर्वेकडचा बाक पकडतात आणि मार्च सरला की झाडाखालचा. आधी पेपर ठेवून जागा अडवतात, मग फेऱ्या मारतात.

आता माझा राग. काळ्या ग्रॅनाइटचे बाक कोण पास करतं? मे महिन्यात पोळतात, डिसेंबरात बसलं की हुडहुडी. एकाने लिहिलंय, "दगड थंडच असतो." भाऊ, दिवसभर तापलेल्या गोदाघाटाच्या पायरीवर मे महिन्यात सूर्य मावळल्यावर बसून बघ!

आणि बाकाशेजारी गुलमोहर. दिसतो सुंदर, पण मार्चमध्ये ऊन चढतं तेव्हा याची पानं गळालेली. तिथे करंज लावा, कडुनिंब लावा. भिंतीच्या सावलीवर तर विसंबूच नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, भिंतीची सावली तिच्या पायाशीच संपते.

"मुंबईपेक्षा बरं की!" म्हणणाऱ्यांनो, खरंय. आपली उन्हाळी हवा कोरडी, घाम पटकन सुकतो. म्हणूनच पाणी किती गेलं ते कळत नाही, बाटली जवळ ठेवा.

पावसाळ्याचं विचारताय? तिरपी सर आली की चार खांबांवरचं छप्पर काही कामाचं नाही. पश्चिमेकडून आडोसा हवा, तोही अर्धाच, नाहीतर वारा अडेल आणि आत घामाघूम व्हाल.